अकरा थांबे

दयानंद हणबरने आयुष्यात एकसष्ट गाणी केली. त्यातली साठ मेली, एक जगलं. ते त्याने एकोणिसाव्या वर्षी इचलकरंजीत, एका मोबाइलच्या दुकानाच्या माडीवर, भिंतींना गाद्या टेकवून रेकॉर्ड केलं होतं. तेच का जगलं, हे त्याला अठरा वर्षांनंतरही कळलेलं नव्हतं.

गाण्याचं नाव 'तीन पाळ्या'. दयानंदचं रॅपमधलं नाव धोटा. यंत्रमागावर सुताची कांडी पोटात घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे सुसाट धावणारं लाकडी होडकं म्हणजे धोटा, आणि एकोणिसाव्या वर्षी त्याची जीभ तशीच चालायची. आता २०४३ साल उजाडलं होतं. धोट्याचे माग कधीच भंगारात गेले होते. पण 'तीन पाळ्या' गुवाहाटीजवळच्या ढाब्यांवर ट्रक ड्रायव्हर ऐकत होते. मदुराईतला मुलींचा एक कबड्डी संघ सामन्याआधी ते एकत्र म्हणायचा, आणि त्यातल्या एकीलाही मराठी येत नव्हतं. नागपुरातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या एका सहलीत बसमधल्या आजोबांनी ते इतक्या जोरात म्हटलं होतं, की कुणाची तरी कवळी निसटली होती आणि तो व्हिडिओ जगभर फिरला होता.

नंतरची साठ गाणी वाईट होती असं मुळीच नाही. त्याचे शब्द नेमके होत गेले, यमकं अनपेक्षित जागी पडू लागली, ताल गुंतागुंतीचे झाले. जाणकारांनी माना डोलावल्या. आणि प्रत्येक कार्यक्रमात, नवं गाणं संपताच, गर्दीतून कुणीतरी ओरडायचंच, "धोटा, आता ते म्हण की!"

त्यात दोन वर्षांपूर्वी मापाची गाणी आली. 'स्वरमाप' नावाच्या कंपनीच्या इअरफोनमधून एक पातळ पट्टी जबड्याखाली चिकटायची. ती तुमचा श्वास वाचायची, जिभेची हालचाल वाचायची आणि त्या घटकेला तुमच्या तोंडाला रुचेल असं रॅप जागच्या जागी बनवून ऐकवायची. त्यात तुमचीच बोली असायची, तुमच्याच गल्लीचे उल्लेख असायचे, आणि ओळ अगदी तुमच्या श्वासाइतकीच लांब असायची. लोक वेडे झाले. गंमत अशी, की माणूस आपलं मापाचं गाणं सरासरी नऊ दिवस ऐकायचा आणि दहाव्या दिवशी त्याला ते नकोसं व्हायचं. अर्थात तोवर नवं तयार असायचं. हळूहळू दोन माणसांना एकच गाणं पाठ असणं दुर्मिळ झालं. रॅप करणाऱ्यांना कुणी बोलावेना. दयानंदच्या वाट्याला वर्षाकाठी दहा-बारा कार्यक्रम उरले, तेही त्या एका गाण्यापुरते.

अशा दिवसांत त्याला पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून डॉ. मृणाल खांडेपारकर यांचा फोन आला.

"स्वरमापचं यंत्र माझ्या जुन्या संशोधनावर उभं आहे," त्या म्हणाल्या. "त्याचा मला फार अभिमान वाटतो असं नाही. पण सध्या मला एक कोडं पडलंय, आणि त्या कोड्याचं नाव 'तीन पाळ्या' आहे."

दयानंदला हसू आलं. "मॅडम, ते कोडं मलाही पडलंय. कधी येऊ?"

*

प्रयोगशाळा म्हणजे दोन खुर्च्या, एक मोठा पडदा आणि भिंतीला जाड पडदे लावलेली एक शांत खोली. मृणालबाई पन्नाशीच्या, बुटक्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी दयानंदच्या हनुवटीखाली बोटभर लांबीची पारदर्शक पट्टी चिकटवली.

"याला आम्ही जिव्हालेख म्हणतो. आता नुसतं ऐका. बोलू नका, ओठ हलवू नका."

बातम्यांचा एक तुकडा वाजला. पडद्यावर एक रेषा किंचित थरथरली. मग एक भावगीत वाजलं, आणि रेषा जवळजवळ सपाट झाली. मग कुणाचं तरी जुनं रॅप लागलं, तशी ती रेषा पिसाळल्यासारखी वरखाली उड्या मारू लागली. दयानंद तर तोंड घट्ट मिटून बसला होता.

"हे मी करतोय?"

"तुम्हीच. ऐकताना नुसते कान ऐकत नाहीत, तोंडही ऐकतं. समोरचा 'प' म्हणाला की ऐकणाऱ्याच्या ओठांच्या स्नायूंकडे मेंदूतून एक पुसट इशारा जातो. तो इतका पुसट असतो, की डोळ्यांना काही दिसत नाही. गाणं ऐकताना तो इशारा मंदावतो, कारण गायकाचा गळा आपल्याकडे नाही हे शरीराला ठाऊक असतं. रॅप ऐकताना मात्र तो साध्या बोलण्याच्या चौपट होतो."

"का?"

"रॅपला गळा लागत नाही. जीभ, ओठ आणि श्वास लागतो. ते भांडवलदाराकडे असतात आणि हमालाकडेही असतात. सुरात गाता न येणाऱ्या माणसालाही वाटतं, हे मी म्हणू शकेन. वाटतं कसलं, तो मनातल्या मनात म्हणतच असतो. गुवाहाटीच्या ड्रायव्हरला तुमच्या शब्दांचा अर्थ लागत नाही, पण त्याच्या ओठांना 'प' कळतो."

दयानंदने बोटांनी आपले ओठ चाचपले. हजार वेळा मंचावर उभं राहून, समोरच्या गर्दीचे ओठ हलताना त्याने पाहिले होते. न हलणारे ओठही हलत असतात, हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"पण मग सगळंच रॅप टिकायला हवं," तो म्हणाला. "माझी बाकीची साठ कुठं टिकली?"

"इथूनच कोडं सुरू होतं." मृणालबाईंनी पडद्यावर चारशे रेषा एकाखाली एक मांडल्या. "हे चारशे लोक. वेगवेगळी वयं, अकरा भाषा. रॅप करणारा पुढे धावतो आणि ऐकणाऱ्याची जीभ केसभर मागून धावते, हे सगळ्या गाण्यांत दिसतं. मापाच्या गाण्यात तर ऐकणाऱ्याला धावावंही लागत नाही, गाणंच त्याला खांद्यावर घेतं. मजा येते आणि मग कंटाळा येतो. आता तुमचं गाणं बघा."

'तीन पाळ्या' सुरू झालं. मागांची खटक-खटक, आणि त्यावर त्याचा एकोणीस वर्षांचा, कोवळा, घाईघाईचा आवाज:

*तीन माणसं, तीन पाळ्या, खोलीत एकच गादी,*
*कुणाची ऊब उरलीय ते... पाठ ओळखते आधी.*

'ते' आणि 'पाठ' यांच्या मधे, सेकंदाच्या दोन-पंचमांश वेळात, चारशेच्या चारशे रेषा थबकल्या. श्वास रोखले गेले. आणि 'पाठ' हा शब्द येताच चारशे जिभा त्याच्या मागून नाही, त्याच्या बरोबरीने निघाल्या.

"अख्ख्या गाण्यात असे अकरा थांबे आहेत," मृणालबाई म्हणाल्या. "त्या अकरा ठिकाणी ऐकणारा तुमच्या मागे नसतो, शेजारी असतो. दुसऱ्या कुठल्याही गाण्यात मला हे सापडलं नाही. तुमच्या बाकीच्या साठांतही नाही. तुम्ही तिथे का थांबला होतात?"

दयानंदने खांदे उडवले. "गाणंच तसं आहे."

"आणखी एक." त्यांनी बाकी आवाज पुसून तेवढा थांबा मोठा करून ऐकवला. आत एक श्वास होता. घशाशी येऊन अडलेला, मग एकदम सुटलेला. "हा श्वास आम्ही तुमच्या श्वासाशी ताडून पाहिला. हा तुमचा नाही."

दयानंदने पडद्यावरून नजर काढली. "माडीवर गर्दी असायची," तो म्हणाला. "असेल कुणाचा तरी."

मृणालबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त थांब्यांनंतरचे अकरा शब्द पडद्यावर लिहिले. पाठ. पायरी. गप्पा. बाप. कांडी. पाणी. त्याखाली आणखी पाच.

"या सगळ्यांचं पहिलं अक्षर असं, जे उच्चारण्याआधी तोंडात हवा अडवावी लागते. हे यंत्र बनवण्याआधी बारा वर्षं मी अडखळत बोलणाऱ्या माणसांवर उपचार केले, हणबर. हा श्वास मी झोपेतही ओळखेन. जो कुणी त्या माडीवर तुमच्या समोर उभा होता, तो तोतरा बोलत होता. आणि तो अडला की तुम्ही थांबत होता."

*

संस्थेच्या कँटीनमध्ये स्वरमापचे अनिरुद्ध ताटके त्याची वाटच पाहत होते. या प्रयोगांना त्यांच्या कंपनीचं साहाय्य होतं, त्यामुळे निष्कर्ष त्यांच्यापर्यंत आधीच पोचले होते. माणूस गोड बोलणारा, स्वच्छ दाढी केलेला. त्यांनी स्वतः उठून दयानंदला चहा आणून दिला.

"धोटासाहेब, तुमचा आवाज आम्हाला यंत्रासाठी हवाय. तुमचा आवाज आणि ते अकरा थांबे. उद्या देशातल्या प्रत्येक मापाच्या गाण्यात धोटा असेल. परत कधी तुम्हाला कार्यक्रमांची वाट बघावी लागणार नाही." त्यांनी कागद पुढे सरकवला. "फक्त एवढं लिहून द्या, की गाणं सर्वस्वी तुमचं आहे. शब्द, चाल, सगळं. दुसरं कुणी दावेदार नाही ना?"

दयानंदने कागद वाचला. पेन उचललं आणि परत ठेवलं.

"दोन दिवस द्या," तो म्हणाला.

गाण्यात बाप-लेक भेटतात तो जिना त्याच्या घरचा नव्हता. गादीही त्याच्या घरची नव्हती. त्याच्या बापाचं पानाचं दुकान होतं, तो रोज जेवायला घरी असायचा. तीन पाळ्यांत वाटलेलं ते घर पद्मजा लाटवडेचं होतं. दोघं शाळेत एका वर्गात होते, नंतर एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला होते. पद्मजाला वर्गात स्वतःचं नाव सांगायला अर्धं मिनिट लागायचं, तेव्हा पोरं हसायची. कारखान्यात मात्र ती सगळ्यांसारखीच होती, कारण मागांच्या आवाजात कुणालाच कुणाचं ऐकू यायचं नाही. तिथे सगळे ओठांवरून बोलायचे. ती ओळी लिहायची सुताच्या पावत्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, आणि माग चालू असताना ओठांनी त्याला म्हणून दाखवायची.

रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याला शब्द पाठ नव्हते. शेवटचं कडवं तिने त्याच दुपारी लिहिलं होतं. म्हणून ती माइकच्या पलीकडे उभी राहिली, तो तिच्या ओठांकडे बघत राहिला, आणि ती बिनआवाजी म्हणेल तसं तो मोठ्याने म्हणत गेला. महिनाभरात गाणं गावोगावी पोचलं. एका मुलाखतीत कुणीतरी विचारलं, हे लिहिलं कुणी? त्याच्या तोंडून निघून गेलं, मी.

पद्मजा कधीच काही बोलली नव्हती. तिला कॅमेऱ्यापुढे बोलायला आवडलंच नसतं, असं त्याने स्वतःला समजावलं. समजावणं सोपं होतं.

*

पद्मजा इचलकरंजीतच होती, शहराबाहेरच्या एका नव्या कारखान्यात. जॉबर म्हणून, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारी मुख्य कारागीर. धोट्याचे माग गेले तरी नव्या मागांचा गोंगाट काही कमी नव्हता. दयानंद दारात उभा राहिला तेव्हा ती एका मागाखाली आडवी होती. तिने मान वळवली, त्याला पाहिलं. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. फक्त ओठ हलले, आवाज नाही.

*थांब. पाच मिनिटं.*

अठरा वर्षांनंतरही त्याला ते स्पष्ट वाचता आलं.

ती हात पुसत बाहेर आली आणि कट्ट्यावर बसली. केसांत थोडी रुपेरी झाक आली होती. "प... पोट सुटलंय तुझं," ती म्हणाली.

"व्हय. बसून खातोय."

"खातोयस खरं, माझ्या घ... घरच्या गादीवर बसून."

दयानंदने मान खाली घातली. मग त्याने फोनवर ती रेषा काढून तिच्यापुढे धरली आणि सगळं सांगितलं. पट्टी, चारशे माणसं, मदुराईच्या पोरी, थांबे, श्वास, ताटकेंचा कागद, सगळं. पद्मजा ऐकता ऐकता रेषेवर बोट फिरवत होती. एखाद्या यंत्राचा नकाशा वाचावा तशी ती बघत होती. एकेका थांब्यावर बोट ठेवून पुटपुटली, "हा पाठ. हा पायरी. हा ग... गप्पा." कुणी न सांगता तिने अकराही ओळखले.

"एक विचारू?" ती म्हणाली. "अठरा वर्षं विचारायचंय."

"विचार की."

"तू मुद्दाम थ... थांबत होतास?"

"म्हणजे?"

"म्हणजे कीव करून. बिचारी अडलीय, घ... घेऊ या सांभाळून, तसं. गाणं लागलं की मला पहिल्यांदा तेच वाटतं. सगळ्या जगासमोर हा माझ्यासाठी द... दया म्हणून थांबतोय."

दयानंदने तिच्याकडे पाहिलं. गेले दोन दिवस त्याने मनाशी खूप उत्तरं तयार केली होती. त्यांत हे नव्हतं.

"मला कळलंच नव्हतं तू अडलीयस ते," तो म्हणाला. "तुझे ओठ मिटलेले दिसले की मी गप्प. उघडले की चालू. मला वाटायचं, गाणंच तसं आहे. परवा त्या बाईंनी दाखवलं तेव्हा समजलं."

"खरं?"

"आईशप्पथ."

पद्मजा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने मनगटाने ते पुसले, गालावर तेलाचा पट्टा उमटला.

"आणि 'मी लिहिलं' म्हणालास ते?"

"ते मुद्दाम होतं," दयानंद म्हणाला.

खरं तेवढंच होतं.

"ती मुलाखत माझ्या ब... बापाने पाहिली," पद्मजा सावकाश म्हणाली. "शेजाऱ्यांच्या मोबाइलवर. गाण्यातला जिना ऐकून म्हणाला, बघ पोरी, याच्या घरीबी आपल्यासारखंच हाय. किती खूश झाला होता. मी क... काही बोलले नाही. तो गेला, तेव्हाही त्याला माहीत नव्हतं, की ते गाणं त्याचंच आहे."

आतून मागांचा आवाज एकसारखा येत होता. दयानंदला त्या क्षणी आठवल्या त्या गाण्यातल्या दुसऱ्या ओळी, ज्या तो हजारो वेळा बिनदिक्कत म्हणत आला होता:

*बापाची न् माझी भेट... पायरीवरती जिन्याच्या,*
*तो चढतो, मी उतरतो... गप्पा साऱ्या महिन्याच्या.*

"मी काय करू?" त्याने विचारलं.

"राग जाणार नाही माझा. ते स... सोड." पद्मजा उभी राहिली. "दोघांचं नाव लाव. माझं आधी. मुलाखती तूच दे, मला नको ती कटकट. आणि त्या बाईंना सांग, मला ते यंत्र उघडून बघायचंय."

*

त्याने ताटकेंचा कागद सही न करताच परत पाठवला. मग फोन समोर उभा करून, एकदाही न थांबवता, सगळी हकीकत रेकॉर्ड करून जगापुढे ठेवली. बोलताना आपण एखादं यमक साधायला बघतोय का, हे तो तपासत होता. साधलं नाही.

व्हायचं ते झालं. लोकांनी त्याला चोर म्हटलं. त्या वर्षीच्या उरलेल्या सात कार्यक्रमांपैकी पाच रद्द झाले. एका शहरात तर त्याच्या नावाच्या फलकावर कुणीतरी काळं फासलं. दयानंदने त्याचा फोटो पाहिला आणि फोन उलटा ठेवला. पण गाणं थांबलं नाही. मदुराईच्या मुलींनी व्हिडिओ पाठवला. आता त्या गाणं म्हणताना दोन ओळींत समोरासमोर उभ्या राहत होत्या. एक ओळ बिनआवाजी म्हणायची, दुसरी मोठ्याने.

स्वरमापने दोघांनाही वगळून, आपल्या यंत्राला थांबे शिकवले. प्रत्येक मापाच्या गाण्यात अकरा थांबे, ऐकणाऱ्याच्या श्वासाला अचूक जुळणारे. पहिल्या आठवड्यात त्याचा खूप गाजावाजा झाला. नऊ दिवसांचे तेरा दिवस झाले. चौदाव्या दिवशी लोक नेहमीसारखेच कंटाळले.

"हे असं का?" दयानंदने मृणालबाईंना फोनवर विचारलं. स्वतःचं नुकसान बाजूला ठेवून त्याला हेच आधी जाणून घ्यायचं होतं.

"मला नक्की माहीत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात चक्क आनंद होता. "पण एक अंदाज आहे. यंत्र ऐकणाऱ्याच्याच मापाने थांबतं. त्याचा श्वास जिथे संपतो तिथे गाणंही संपतं, त्याला काही करावंच लागत नाही. तुमच्या गाण्यात त्याला अनोळखी माणसासाठी स्वतःचा श्वास रोखावा लागतो. प्रत्येक वेळी थोडं अवघड जातं ते. म्हणून गाणं शिळं होत नाही. कदाचित. सिद्ध करायला आणखी पाच वर्षं लागतील, आणि तोवर मी चुकीचीही ठरेन."

"आणि शब्द? मागांचा ताल? त्या गादीची ऊब?"

"तेही असेलच. मी फक्त मोजता येतं तेवढंच बोलते."

*

पद्मजा पुण्याला आली ती स्वतःची पान्ह्यांची पेटी घेऊन. मृणालबाईंनी तिच्याशी बोलताना एकदाही तिचं वाक्य पुरं करायची घाई केली नाही, हे दयानंदच्या लक्षात आलं. पद्मजाने आधी यंत्र उघडायला लावलं. पट्टीतली तार कुठून कुठे जाते, रेषा किती वेळाने उमटते, पंख्याच्या हवेने ती हलते का, सगळं विचारलं. एक जोडणी सैल निघाली, ती तिने घट्ट करून दिली. मृणालबाई तिच्याकडे कौतुकाने बघत राहिल्या.

"ब... बसवा आता," मग ती म्हणाली आणि हनुवटी वर केली.

दयानंद भिंतीशी उभा होता. तिच्या रेषेत काय दिसणार हे त्याला ठाऊक होतं असं त्याला वाटत होतं. ती त्या अकरा जागी अडणार, जशी त्या माडीवर अडली होती. ते बघायला नको असंही त्याला वाटत होतं, आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

गाणं सुरू झालं. पडद्यावर दोन रेषा होत्या. वरची गाण्यातल्या आवाजाची, खालची पद्मजाची. खालची रेषा पहिल्या शब्दापासूनच वरचीच्या पुढे होती, अगदी सहज. *कुणाची ऊब उरलीय ते...* गाण्यातला दयानंद थांबला. पद्मजाची रेषा थांबली नाही. ती सरळ पुढे गेली, 'पाठ'च्या 'प'वर ओठ मिटले, उघडले, शब्द पुरा झाला. त्यानंतर मात्र ती सपाट झाली आणि तशीच राहिली, आवाज येईपर्यंत. आवाज आला, आणि दोन्ही रेषा पुन्हा निघाल्या.

पायरीला तेच झालं. गप्पांना तेच. अकराही ठिकाणी.

गाणं संपलं. पद्मजाने पट्टी काढून हातात घेतली आणि पडद्याजवळ गेली. "मी अडले नाही?"

"एकदाही नाही," मृणालबाई म्हणाल्या. "मनातल्या मनात बोलताना बहुतेक जण अडत नाहीत. पण इतकं स्वच्छ मी आजवर पाहिलं नव्हतं."

पद्मजाने त्या सपाट तुकड्यांवर बोट ठेवलं. एकामागून एक, सगळ्यांवर. "मग हे काय आहे? इथं मी क... काय करतेय?"

मृणालबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मग दयानंदकडे बघून मिटलं.

"तू पोचलीयस," दयानंद म्हणाला. "माझी वाट बघतीयस."

पद्मजा त्या रेषांकडे बघत राहिली. मग वळली आणि पट्टी पुन्हा हनुवटीखाली चिकटवली.

"मग ये की लवकर," ती म्हणाली, आणि दुसरी पट्टी त्याच्यापुढे धरली.